मधल्या मजल्यावरची आतली केबिन

अण्णा,

परवा एक जोडपं युरोपच्या क्रूझची चौकशी करायला ऑफिसात आलं होतं. दोघंही साठीच्या पुढचे. मी त्यांच्यासमोर नव्या जहाजाचा नकाशा उघडला आणि माझं बोट आपोआप मधल्या मजल्यावर, अगदी मधोमध गेलं. "इथली केबिन घ्या, इथे सगळ्यात कमी हलतं," मी म्हटलं. बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः गेलाय का हो?" एकदा गेले होते, आईवडिलांबरोबर, असं मी सांगितलं. "अरे वा, त्यांनी खूप मजा केली असेल!" असं त्या म्हणाल्या. मी नुसती मान हलवली आणि भाड्याच्या आकड्यांकडे वळले. पण दिवसभर तुम्हीच डोळ्यांसमोर होतात. त्या वाक्याला खरं उत्तर द्यायचं तर बसून सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते असं काउंटरवर सांगायचं नसतं.

शरणपूर रोडवरच्या त्या ऑफिसात मी पहिल्यांदा नोकरीला लागले, तेव्हा तुम्ही नुकतेच रिटायर होऊन इगतपुरीचं क्वार्टर सोडून इंदिरानगरला आला होतात. उभा जन्म घाटात इंजिन चालवलेला माणूस, आणि आता सकाळचा पेपर वाचून झाला की करायला काही नाही. तुमचं मन रमावं म्हणून मी ऑफिसातली जुनी ब्रोशरं घरी आणायला लागले. स्वित्झर्लंडची आणली, ती तुम्ही चाळून बाजूला ठेवलीत. बर्फ आणि गाई, म्हणालात. मग एक दिवस मुंबईहून जहाजांची ब्रोशरं आली, जाड, गुळगुळीत कागदाची. ती मात्र तुम्ही सोडली नाहीत. स्वयंपाकघरात आई मेथी निवडत बसलेली असायची आणि तिच्यासमोरच फरशीवर तुम्ही दोन जहाजं शेजारी शेजारी पसरायचात. पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यावर आईची पातेली ठेवायचात. हे जहाज जुनं, ह्याला गोल खिडक्या. हे नवीन, ह्याच्या निम्म्या खोल्यांना बाल्कनी. ह्याचं भाडं कमी दिसतंय, पण बंदराचा खर्च अन् टिपा वेगळ्या. त्याचं जास्त दिसतंय, पण त्यात सगळं आलं.

"अहो, पण जायचंय कुणाला?" आई विचारायची.

"चौकशी करायला काय जातंय?" तुम्ही म्हणायचात.

संध्याकाळी मी घरी आले की तुमचे प्रश्न तयार. लाइफबोटी किती, आणि त्या सगळ्यांना पुरतात का? पाण्याच्या खाली जहाज किती खोल? वादळात डुलू नये म्हणून बाजूला पंख बसवतात म्हणे, ते ह्याला आहेत का? मला यातलं काही माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी मी मुंबईला फोन लावून विचारायचे, आणि तिकडच्या बाईला वाटायचं की नाशिकमध्ये गिऱ्हाइकांची रीघ लागली आहे. खरं सांगायचं तर हा धंदा मी त्या फरशीवर बसून शिकले. आज मी नकाशा बघून सांगते की ह्या खोलीच्या वर नाचायचा हॉल आहे, झोप लागायची नाही, किंवा ह्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे, समुद्र दिसायचा नाही. हे सगळं तुमच्या प्रश्नांमुळे.

पण दर वर्षी जायचं मात्र राहून जायचं. एका वर्षी जहाज जुनं निघालं. एका वर्षी केबिन फार लहान. पुढं नवीन जहाज येणार म्हणून एक उन्हाळा तसाच गेला, आणि ते आलं तेव्हा त्याहून मोठं एक बांधायला घेतल्याची बातमी होती. सगळी कारणं संपली की शेवटचं कारण आई. कसाऱ्याच्या घाटात एसटीत तिला उलट्या व्हायच्या, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. "हिला घाट सोसत नाय, समुद्र काय सोसणार?" तुम्ही म्हणायचात. आई मेथीच्या काड्या गोळा करून उठायची. मला तेव्हा तिचा थोडा राग यायचा. तिच्यामुळे तुमची हौस राहते आहे, असं वाटायचं.

तुम्ही माझ्यावर एकदाच चिडलात, तेही जहाजावरूनच. एक म्हातारी बाई मुलाबरोबर चौकशीला आली होती आणि चित्रातला समुद्र बघूनच तिनं खुर्ची मागे सरकवली होती. ही गंमत मी घरी नक्कल करून सांगत होते. आई हसली. तुम्ही हातातला कप खाली ठेवलात.

"पाण्याला भिणाऱ्या माणसाला हसायचं नाय," तुम्ही म्हणालात. "तिला आतली केबिन दे. खिडकी नको. मधल्या मजल्यावरची." आणि उठून बाहेर फाटकापाशी जाऊन उभे राहिलात. तुमचा तो आवाज मी इगतपुरीतसुद्धा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, थट्टा करायची सवय लागू नये म्हणून बोललात.

मग माझं लग्न झालं, मी दोन गल्ल्या सोडून राहायला गेले, ऑफिसात कॉम्प्युटर आले, ब्रोशरं कमी झाली. तुम्ही माझ्याकडून नव्या जहाजांची पानं छापून घ्यायचात. आणि एका संक्रांतीच्या सुमारास, मी पोळ्या द्यायला आले होते तेव्हा, आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "यंदा तिकिटं काढ. उलटीची गोळी घेईन मी."

तुम्ही दारात होतात. तुमच्या चेहऱ्याकडे मी आनंद बघायला म्हणून बघितलं. तो दिसला नाही. तुम्ही म्हणालात, "बघू." आई म्हणाली, "बघून झालं. इतकी वर्षं बघितलं."

तुम्ही निवडलंत ते त्या वेळचं सगळ्यात मोठं जहाज होतं. बार्सिलोनाहून निघायचं, मार्सेय, जिनोआ, नेपल्स करून परत यायचं. आणि केबिन? आतली, बिनखिडकीची, मधल्या मजल्यावरची. मी चक्रावले. वर्षानुवर्षं बाल्कन्यांची तुलना करणारा माणूस! "भाडं कमी पडतं," एवढंच तुम्ही म्हणालात. तुम्ही मन मारताय असं मला वाटलं. मला ऑफिसकडून सवलत मिळत होती, तिघांना एकच केबिन चालणार होती, म्हणून मी तुम्हाला न सांगता बाल्कनीची खोली घेतली. माझ्या पगारातून तुम्हाला दिलेली ती सगळ्यात मोठी भेट.

मला ती खोली अजून दिसते आहे. आई आधी आत शिरते, पडदा सरकवते, काच सरकवते आणि चप्पल काढून बाल्कनीत जाते, देवळात जावं तशी. अंगात स्वेटर, पायात मोजे, वारा पदर उडवतोय. "अगं बया," ती म्हणते, "हे सगळं पाणीच की!" मी मागे वळते. तुम्ही दाराला पाठ लावून उभे आहात, बॅग अजून हातात. तुम्ही म्हणता, "पडदा ओढ गं." मला वाटतं, ऊन लागतंय.

जहाज सुटलं तेव्हा तुम्ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होतात. जेवायला आला नाहीत. दमलाय, असं आई म्हणाली. तिला काहीही झालं नव्हतं. गोळीची पट्टी तिनं उघडलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रातच होतं. सकाळी उठून बघते तर तुमचा पलंग रिकामा. मी वरचे डेक पाहिले, खालचे पाहिले, आणि शेवटी तुम्ही सापडलात ते अगदी मधोमध, त्या उंच हॉलमध्ये, जिथे काचेची लिफ्ट वर-खाली जाते आणि जिथून समुद्र कुठूनच दिसत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीचे दोन्ही हात धरून बसला होतात. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"लय डुलतंय का गं?" तुम्ही विचारलंत.

"अण्णा, अजिबात डुलत नाहीये."

तुम्ही लिफ्टकडे बघितलंत. मग लिफ्टलाच सांगावं तसं बोलायला लागलात. तुम्हाला एक धाकटा भाऊ होता. मला काका होता हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर, परक्या मुलखातल्या जहाजावर कळलं. धरणाच्या पाण्यापलीकडे मामाचं गाव, तिकडे होडीनं जायचं. पावसाळा नुकताच सरलेला, भात पिवळं पडायला लागलेलं. होडीत माणसं जास्त झाली होती आणि मध्यावर ती कलंडली.

"एका हातात होडीची कड होती," तुम्ही म्हणालात, "अन् दुसऱ्या हातात तो. मग सुटला. त्याचा हात सुटला का मी सोडला, ते मला आजपर्यंत कळलं नाय."

तुम्ही आम्हाला कधी पाण्यात का उतरू दिलं नाहीत, शाळेची सहल गंगापूर धरणावर निघाली की तुमच्या मते मला नेमका ताप कसा यायचा, हे सगळं एकदम माझ्या लक्षात येत होतं.

"मग ही जहाजं कशाला बघत बसलात इतकी वर्षं?"

"वाटायचं, एखादं तरी असं निघंल की आत बसल्यावर पाणी हाय हेच कळणार नाय. तसल्या जहाजातून एकदा जाऊन यावं." मग हळूच म्हणालात, "तुझ्या आईला नको सांगू."

पण आई मागेच उभी होती. चहाचे दोन कप घेऊन ती तुम्हाला शोधत आली होती. तिनं एक कप तुमच्यासमोर ठेवला.

"मला लग्नाच्या वर्षीच कळलंय," ती म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, त्याच्यापाशी विषय काढू नको."

"अन् तू कधी बोलली नाय?"

"तुम्हीपण नाय बोललात."

"अगं, पण तुझ्या त्या उलट्या..."

"त्या ही पोरगी झाली तेव्हाच थांबल्या होत्या. तुम्हाला कारण लागायचं, मी होते." तिनं खुर्ची ओढली आणि ती तुमच्याजवळ बसली. "पण ज्याला जायचंच नसतं, तो माणूस इतकी वर्षं भाव विचारत बसत नाय. आता मलापण वय झालं. मी गेल्यावर तुम्हाला कोण आणणार होतं इथं?"

तुम्ही रडला नाहीत. चहा प्यायलात, सगळा. शेजारच्या टेबलावरचे लोक पत्ते खेळत होते, लिफ्ट वर-खाली करत होती. मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं केबिनमधली खुर्ची बाल्कनीच्या दारापाशी, पण आतच ठेवली आणि तुम्हाला तिच्यावर बसवलं. स्वतः बाहेर बसली. काच उघडी, पडदा अर्धा. दोघांमध्ये नुसती दाराची पट्टी. दुसऱ्या दिवशी खुर्ची थोडी पुढे आली. नेपल्सला जहाज लागलं त्या दिवशी तिचे पुढचे दोन पाय बाहेर आणि मागचे दोन आत होते, आणि तुम्ही तिच्यावर तसेच तिरके बसला होतात, आईच्या मनगटाला धरून. मी चेष्टा केली नाही. आईनं केली, "पडाल की हो!"

परतीच्या संध्याकाळी मी खोलीत बॅगा भरत होते. ऊन उतरलं होतं आणि पाणी शांत, जड दिसत होतं. तेव्हा तुम्ही त्या भावाचं नाव घेतलंत. मोठ्यानं नव्हे, जेवायला हाक मारावी तेवढ्याच आवाजात. आमच्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग तुम्ही आईला त्याच्या गोष्टी सांगायला लागलात. भाताच्या खाचरात तो खेकडे कसे धरायचा, पिशवीतून ते घरभर कसे सुटायचे, आजी काठी घेऊन कशी मागे लागायची. आई हसत होती. तुम्हीही हसलात. बाल्कनीच्या कठड्याला तुम्ही शेवटपर्यंत हात लावला नाहीत, पण पाण्याकडे बघत होतात, आणि पडदा ओढायला कुणाला सांगितलं नाहीत.

घरी आल्यावर तुम्ही जहाजांची पानं मागणं बंद केलंत. मला आधी वाईट वाटलं. पुढे इंदिरानगरच्या बागेत तुम्ही इतर म्हाताऱ्यांना सल्ले देताना मी ऐकलं, "आतली केबिन घ्या, पण दिवसा खोलीत बसू नका." आणि त्या काकाचा एक फोटो, गावाकडच्या कुणाकडून तरी आणून, तुम्ही देवघराशेजारी लावलात. पुढे तुम्हीही एका सकाळी पेपर हातात असतानाच गेलात, कुणाला त्रास न देता. तुमचा आणि काकाचा, दोन्ही फोटो आता माझ्या घरी आहेत. आईही माझ्याकडेच असते. तिला कमी ऐकू येतं, पण जहाजाचा विषय निघाला की सगळं ऐकू येतं.

परवाच्या त्या बाईंनी शेवटी बाल्कनीची खोली घेतली. मी त्यांच्या नवऱ्याला दोनदा विचारलं, तुम्हाला चालेल ना, नक्की? त्यांना ते जरा विचित्र वाटलं असावं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायला तर पत्ताच नाही. तरी एक गोष्ट सांगायची राहिली. या उन्हाळ्यापासून मी पोहायला जाते. सकाळी बायकांची बॅच असते. बहुतेक जणी माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि शिकवणारी मुलगी मला काकू म्हणते. ती म्हणते, काकू, काठावरचा हात सोडा आता, पाणी उचलतं माणसाला. आई रोज विचारते, आज सोडला का? मी तिला सांगितलंय की सोडला. अण्णा, अजून नाही सोडलेला.