संत्र्यावरचा आळ

२ फेब्रुवारी १९७६
पुन्हा दवाखाना. पोट टम्म, हिरव्या उलट्या, नाकात नळी. मोठे सर्जन म्हणाले, अल्सरच्या जुन्या ऑपरेशनने आतडी चिकटली असतील, सारखी अडकतात, उघडून बघू. म्हटलं, बघू देणार नाही. एकदा फाडलंत तेवढं पुरे.

४ फेब्रु.
वारा सरला. नळी निघाली. वॉर्डात वाऱ्याचं एवढं कौतुक! धाकटा भाऊ वासुदेव नरखेडहून बागेतल्या संत्र्यांची टोपली घेऊन हजर. "खा गा दादा, ताकद येईन." भरपूर खाल्ली.

५ फेब्रु.
नवी डॉक्टरीण. पोट सोडून म्हणे, "काका, तोंड उघडा." एकही दात नाही. कवळी? घरी, कपाटात. टोचते. "मग संत्रं कसं खाता?" हा काय प्रश्न! फोड चोखायची, गिळायची. चोथा थुंकणारे आम्ही नव्हे. तर म्हणते, त्या ऑपरेशननंतर पोटात चोथा नीट दळला जात नाही, त्यात दात नाहीत, गोळा होऊन आतड्यात अडकत असेल. "दर वेळी संत्र्यांच्या बहरातच कसे येता?"
डोकं फिरलं. बागेत जन्मलो मी. आमच्या संत्र्यावर आळ!

७ फेब्रु.
सौ. तिच्याच बाजूची. टोपली शेजारच्या खाटांवर वाटून मोकळी. "तुमाले संत्रं पायजे का मी? सांगा एकदाचं." राग आहेच. भीतीही वाटते, पण ती फक्त या वहीत.

१९ फेब्रु.
घरी, प्रतापनगर. कवळी घालणार नाही, संत्रं सोडणार नाही. सौ. देवळात गेली तेवढ्यात दोन.

२१ फेब्रु.
परत तीच खाट. नळीने भागेना. थोड्या वेळात ऑपरेशनला नेतील. सही केली, पण अट घातली: निघेल ते मला दाखवायचं. आतडी चिकटलेली निघाली तर डॉक्टरीणबाईंनी आमच्या बागेतलं संत्रं माझ्यासमोर खायचं, चोथ्यासकट. हसली.
"आणि गोळा निघाला तर काका?"
"तर कवळी घालून खाईन. सोडणार नाही."
सौ. ऐकत होती. पदराची गाठ सोडली, कवळी काढून उशाशी ठेवली. घरून निघतानाच घेतली असणार. असू दे तिथे. परत आलो की बघू