जिना वाजत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

या घरात माझ्या न्याय्य हक्कांवर गदा आली आहे, हे येथे गंभीरपणे नोंदवून ठेवतो. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे असतो. संध्याकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं — हा माझा गुप्त आणि निरुपद्रवी नित्यनेम. त्याची सारी भिस्त आमच्या लाकडी जिन्यावर. कन्या माडीवरून उतरायची ती घर हादरवत. पहिल्या धडधडीला डबा फळीवर, वळणावर ती येईतो तोंड पुसून मी वर्तमानपत्रात मग्न. आज जिना वाजलाच नाही. एकदम कानाशी आवाज — "तिसरं का हो हे, बाबा?"

घास अडकला. पाठीत थापट्या मारत म्हणाली, "क्लबात धावणं शिकवायला नव्या बाई आल्यात. पाय वाजता कामा नयेत म्हणतात."

म्हणजे या वेगविद्येचा पहिला बळी जन्मदाता.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कन्या क्लबाच्या महिला फुटबॉल संघात उजव्या बगलेवर खेळते. मी क्रीडा वार्ताहर असूनही तिच्या सामन्यांचं वार्तांकन मला नाही. विशेषणं पक्षपाती होतील, असं संपादकांचं मत. (शिक्षण संस्कृतचं; विशेषणं मुळातच भरमसाट.) पण धावण्याच्या तंत्रावर लेख हवा होता, म्हणून आज सरावाला गेलो.

बाई एके काळच्या शर्यतीतल्या धावपटू. सडपातळ, कमी बोलणाऱ्या. नजर कायम समोरच्याच्या पायांवर. माझ्या चालीचीही परीक्षा झाली. निकाल विचारला नाही.

"तुमची मुलगी पाय पुढे टाकते," म्हणाल्या. "पाय अंगाच्या पुढे पडला की तो ब्रेक. धप्प आवाज येतो ना, तो ब्रेकचा. पाय कमरेच्या खालीच पडायला हवा आणि त्याने जमीन मागे ढकलायला हवी. सुरुवातीला अंग पुढे झुकलेलं, पावलं आखूड. मग सरळ होत जायचं, पावलं लांबवत. मुठी आवळायच्या नाहीत."

"आणि बॉल?"

"त्याला सारखं चिवडायचं नाही. दर स्पर्शाला वेग गळतो. मोकळी जागा दिसली की एकदा लांब ढकलायचा, आणि त्याच्यामागे सुटायचं."

मग त्यांनी गोलपोस्टपाशी ठेवलेला स्पीकर लावला. त्यातून पावलं. कुणीतरी धावतंय — गवतातून, अगदी हलकं. कन्येने त्या पावलांत पावलं टाकत धावायचं. सुरुवातीला दोघींची वेगवेगळी ऐकू येत होती. तिसऱ्या खेपेला कन्येची ऐकू येईनाशी झाली. ती धावत होती, पाय जमिनीला लागत होते, आणि वाजत होती फक्त स्पीकरमधली.

माझा कान लघु-गुरु मोजण्यात मुरलेला. ती धाव एखाद्या वृत्तासारखी वाटली — आखूड, आखूड, मग लांब होत जाणारी. शेवटाकडे आली, आणि बाईंनी बटण दाबलं. ओळ पुरी झालीच नाही. कान अजून अधांतरी आहे.

"कुणाची ही धाव?" विचारलं.

"माझ्याकडे शिकणारी एक मुलगी होती. खेळाडू."

"आता कुठे खेळते?"

"खेळत नाही."

सोमवार, १० फेब्रुवारी

लेख आला. संपादकांनी 'गरुडवेगाने'चं 'जोरात' केलं. असो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कन्या डावा बूट आधी बांधते. मी तिला बूट बांधायला शिकवलं आहे, म्हणून छातीठोकपणे सांगतो — उजवा आधी, नेहमी. आणि धावायला निघण्याआधी हात मानेमागे, वेणीखाली नेते. जणू काही टोचतंय.

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

खरंच माहीत नव्हतं तिला.

बायको नोकरीमुळे परगावी. तिला फोनवर सांगितलं. "पोरगी पाय न आपटता चालायला लागली, तर तुझ्या पोटात गोळा का येतो? मोठी झाली ती," म्हणाली. शिवाय म्हणाली, बिस्किटं खाऊ नकोस. हे तिला कोणी सांगितलं, तेही मला माहीत आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

उपांत्य सामना. पेन खिशात, म्हणजे मी केवळ पिता.

शेवटच्या काही मिनिटांपर्यंत बरोबरी. मधल्या रेषेजवळ बॉल सुटला आणि कन्या निघाली. अंग झुकलेलं, पावलं आखूड, मग उघडत गेली. बॉल एकदा लांब ढकलला, बस. तिच्या पुढे असलेल्या बचावपटूने शेवटपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. कन्या बाजूने निघून गेली तेव्हा ती दचकली, रस्त्यात गाडी अंगाला घासून जावी तशी. एवढं सुंदर धावणं मी आयुष्यभर लिहीत आलो आणि पाहिलं आज. गोल. घसा बसला आहे.

सामना संपल्यावर समोरच्या संघाची गोलकीपर नळावर तोंड धूत होती. थोराड, हसतमुख मुलगी. म्हणाली, "काका, ती डावीकडून आली ना? मला पावलं उजवीकडून ऐकू येत होती. मी तिकडेच झेपावले."

"कान दाखवून घे," मी म्हटलं.

"बाकी सगळं ऐकू येतं हो." हसली, पण पुन्हा मैदानाच्या उजव्या बाजूकडे पाहून घेतलं.

आणि एक. निघताना बाईंनी लांबून कन्येला हाक मारली. भलत्याच नावाने. बाईंचा हात लगेच तोंडावर गेला. पण कन्या वळली होती. "आले," म्हणाली.

वाटेत विचारलं, "कुठल्या नावाने हाक मारली त्यांनी?"

"माझ्या. का?"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कचेरीत आमच्या फोटोग्राफरला हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. वेणीखालचा हात सांगेपर्यंत तो हसत होता. मग कप खाली ठेवला आणि म्हणाला, "चल जरा."

त्याच्या संगणकात दुसऱ्या गावच्या एका जुन्या सामन्याचे फोटो होते. रेषेजवळ एक मुलगी उभी. कन्येहून बुटकी, चेहरा निराळा. हात मानेमागे, वेणीखाली. डाव्या बुटाची नाडी ताजी बांधलेली, उजव्याची लोंबतेय.

"बाईंच्या हाताखालचीच," तो म्हणाला. "सगळ्यांना मागे टाकून सुटली होती. समोर फक्त गोलकीपर. आणि थांबली. पडली नाही रे, थांबली. मग पडली. हृदय."

"बाई?"

"रेषेजवळच होत्या. गवतात माईक खोचून. पावलांचा आवाज टेप करायची त्यांची पद्धतच आहे."

पुढचा फोटो त्याने दाखवला नाही. मीही मागितला नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कन्येला डॉक्टरांकडे ओढून नेलं. फिरत्या पट्ट्यावर पळवलं, तारा लावल्या, पडद्यावर हृदय पाहिलं. "उत्तम," डॉक्टर म्हणाले. "तुमचं कधी दाखवताय?"

तिथून एकटाच बाईंकडे. मैदानाकडेच्या खोलीत जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या. सरळ विचारलं, "तो आवाज त्या दिवसाचा आहे?"

"हो."

"पुसून टाका."

"तिचं माझ्याकडे तेवढंच उरलंय," म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "शेवट मी कुणाला ऐकवत नाही. मीही ऐकत नाही. पण धाव खोटी नाही ना ती? तशी धाव पुन्हा कुणाला जमली नव्हती. तुमच्या मुलीपर्यंत."

भांडायचं ठरवून गेलो होतो. जाळीचं एक टोक धरून बसलो आणि परत आलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जेवताना कन्या म्हणाली, "बाई जिथे बटण दाबतात ना, तिथेच मी ढिली पडायचे."

"पडायचे म्हणजे?"

"शेवट ऐकवा म्हटलं, तर नाही म्हणाल्या. मग लक्षात आलं, ऐकायची गरजच नाही. पुढची पावलं येतात मला."

"कशी येतात?"

"पायांना येतात."

मग मी ताट सारून तिला सगळं सांगितलं. फोटो, थांबणं, हृदय. तिने शांतपणे ऐकलं, भात कालवत.

"माहीत आहे, बाबा. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं."

"भीती नाही वाटत?"

"तिचा गोल राहिलाय. एवढंच आहे."

रविवारी अंतिम सामना. खेळू नकोस म्हटलं. विनवलंच. हसून म्हणाली, "आधी तुम्ही बिस्किटं सोडा, मग बोलू."

शनिवार, २२ फेब्रुवारी

डबा बिस्किटांसकट शेजारी देऊन आलो. कन्येला रिकामी फळी दाखवली. "छान," म्हणाली, आणि बूट पुसायला बसली. डावा आधी.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी कोरा चहा घेऊन स्वयंपाकघरात बसलो होतो. इतक्या दिवसांनी जिना वाजला. सवयीने तोंड पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना. बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग कानाने पावलं मोजली. हलकी. आखूड, आखूड, मग लांब होत जाणारी. शेवटच्या पायरीच्या आधीच थांबली.

"ये ना," मी म्हटलं.

"मी इथेच आहे केव्हाची, बाबा." कन्या माझ्या मागे ओट्याशी बाटली भरत होती. झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली, आणि माझ्या डोक्यावरून जिन्याकडे पाहत म्हणाली, "चल, निघू."

दार लागलं. जिन्यावर जाऊन पाहिलं नाही.

आजवर इथे थट्टाच लिहिली. आता सरळ लिहितो. ती गोल करील, याविषयी मला शंका नाही. संध्याकाळी घरी कोण परत येईल, याची मला भीती वाटते.