चोपन्नावा मणी

११ जाने., रवि.
आईची बोरमाळ घेऊन निपाणीला. आक्का परस्पर सोनाराच्या दुकानात आली होती. आईची शेवटची इच्छा: माळ मोडायची आणि दोन्ही नातींना सारख्या चेन करायच्या. एक आक्काच्या पोरीला, एक आमच्या सायलीला. वर्षश्राद्धाच्या आत उरकायचं ठरवलंय. माळेचा दोरा आईच्या दुखण्यातच तुटला होता. तेव्हा आक्कानं मणी रुमालात बांधून ठेवले, ते तसेच आहेत.

सोनारानं भाव सांगायच्या आधी समजावून दिलं. बोरमाळेचा मणी पोकळ, आत लाख भरलेली. लाखेचं वजन सोन्यात धरायचं नाही. मणी तापवून लाख काढायची, उरेल ते आटवायचं, कस बघायचा, मग किंमत. लाखेसकट काट्यावर २९.४ ग्रॅम. आईच्या ट्रंकेतल्या जुन्या चिठ्ठीवर ३०. "एवढी झीज हुतीयाच, गळ्यात घासून," सोनार म्हणाला. आक्काही व्हय म्हणाली. आटणी पुढच्या रविवारी. रुमाल मी घेऊन आलो.

१२ जाने.
नको ते केलं, मणी मोजले. चिठ्ठीवर ५४. ताटात दहा-दहाचे ढीग लावले, तीनदा. ५३.

बायको म्हणाली, असू दे की एक मणी. असू दे कसं? एकवीस वर्षं बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत तपासणीला आहे. झीज झाली तर सगळ्या मण्यांची होते. एक अख्खा मणी झिजून जात नाही.

रुमाल आईच्या उशाखाली असायचा. शेवटचे दोन महिने बोरगावला तिच्याजवळ आक्काच होती. त्याच्या पुढं लिहीत नाही.

१४ जाने., संक्रांत
आक्काला फोन. सणाचं बोलून झालं, तेवढ्यावर थांबायला हवं होतं.
"मनी कमी हाय, मग मला का सांगतोस?"
"रुमाल तुझ्याजवळच हुता, म्हणून इचारलो."
मग म्हणाली, "दोन म्हयनं आईचं हागणं-मुतणं काढलं मी. मनी मोजत बसले न्हाई."
फोन ठेवला. मी सरळ विचारलं होतं, आरोप केला नव्हता. असं दिवसभर स्वतःला सांगतोय.

१८ जाने., रवि.
सोनाराकडे गेलो नाही. आक्का फोन उचलत नाही.

२० जाने., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत वॉचमनचा निरोप, गेटवर कोणी आलंय. बघतो तर दाजी. निपाणीहून मोटरसायकलनं, एवढ्या लांब. आक्काच्या घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस.
"सुभाषराव, तुमच्या आक्कानं दिलंय. हिशेब पुरा करा म्हणाली."
कागदाची पुडी. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाले. गाडी वळवून गेलेसुद्धा.

पुडीत एक सोन्याचा मणी. तिच्या मंगळसूत्रातला. लग्नात आईनंच करून घातलेला, लगेच ओळखला.

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पुडी हातात आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर लॅबच्या काट्यावर तो मणी ठेवला. ०.६२. माळेच्या मण्यापेक्षा जड भरला.

२१ जाने.
बायकोला दाखवला. "गळ्यातलं सोडायला लावलंत तिला?" एवढंच म्हणाली. बरोबरच आहे.

२५ जाने., रवि.
बोरगाव. आप्पांना भेटायला. आई गेल्यापासून तिथं एकटेच असतात.

आप्पांच्या समोर आईच्या सोन्याचा विषय काढायचा नाही, म्हातारा माणूस, हळवा होतो, असं मी आणि आक्कानं ठरवलेलं. आज त्यांनीच विचारलं, "माळ मोडली का रं?" मी सांगून टाकलं. अडकलंय, एक मणी कमी आहे.
"कमी कुठला? त्यो म्या घेतला."

आई गेली त्या पहाटे आक्का चुलीपुढं पाणी तापवत होती. मी बेळगावातून निघालेलो, अजून वाटेतच. आईजवळ आप्पा एकटे. त्यांनी उशाखालचा रुमाल सोडला, एक मणी काढला, तुळशीच्या पानाबरोबर तिच्या तोंडात ठेवला. जाणाऱ्याच्या तोंडात सोनं घालायची आमच्यात रीत आहे. धांदलीत ती राहून गेली असंच आम्ही दोघं समजत होतो. आई तशीच गेली म्हणून आक्का दहाव्याला किती रडली होती.
"बोलला का न्हाईसा, आप्पा?"
"कुनी इचारलं? आनि त्यात सांगायचं काय? तिचं हुतं, तिला दिलं."

तिसऱ्या दिवशी राख सावडली ती मीच. दोन्ही हातांनी मडक्यात भरली आणि नदीला सोडली. मणी त्यातच असणार, माझ्या हातावरून गेला असणार. मला रडू आवरेना. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. आक्काला मी काय बोललोय ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

२६ जाने., सोम.
सुट्टी. सकाळच्या बसनं निपाणी.

आक्का दारातच होती. ये म्हणाली, बस म्हणाली. आप्पांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आई तशीच न्हाई गेली." पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. आईसाठी, माझ्यासाठी नव्हे.
"आक्का, चुकलो मी."
पुडी तिच्यापुढं ठेवली. तिनं तिकडं बघितलं नाही. "जेवून जा."

जेवलो. वाढताना ती वाकली तेव्हा दिसलं, मंगळसूत्रात त्या जागी तिनं काळे मणी ओवून घेतलेत. पाहणाऱ्याला कळणारही नाही. निघताना घरच्यांसाठी म्हणून डबा दिला. दाजी स्टँडपर्यंत आले, पाऊसपाण्याचं बोलले.

घरी येऊन डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरीच्या घडीत पुडी, मी ठेवली होती तशीच.

२७ जाने.
सोनाराचा फोन, आटणी कधी करायची. म्हटलं, थांबा. मणी किती आहेत ते अजून ठरायचंय.