उलटा पत्ता

मंगळवार, संध्याकाळ. देऊळगाव राजा

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगायला शिकतेय, तेव्हापासून आज पहिल्यांदा कुणी पत्ता काढायला लावला. पुतणी वैशालीने. परवा पाहून गेलेला जालन्याचा मुलगा होकार देईल का? प्रेमिकांचा पत्ता निघाला, पण माझ्या बाजूने उलटा. नकार, मी सांगून टाकलं.

"काकू, मले तं सीधा दिसून राह्यला."

"सीधा असो का उलटा, तोंड तं तेच हाये न," तिची आई, माझ्या जाऊबाई, तिच्याकडे बघत म्हणाल्या. आधी वैशालीच हसली. मग मीही. मी कशाला हसले?

तासाभरात होकाराचा फोन आला. जाऊबाई म्हणाल्या, "त्यायनं चष्मा नसन लावला." या वेळी वैशाली हसली नाही. हळूच म्हणाली, "काकू, त्यायनं मले नीट पाह्यलं असन न? अजून एक पत्ता काढा."