कवळी, छत्री आणि बाईसाहेब यांबाबत खुलासा

प्रति,
मा. आगारप्रमुख,
बस आगार, मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : रडून वस्तू लाटल्याच्या आरोपाबाबत खुलासा, तसेच मांजरी ताब्यात घेण्याची विनंती.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस (जी मी एकेक डोळा आळीपाळीने उघडून वाचली).

महोदय,

मी आपल्या आगारातील हरवले-सापडले खिडकीवरचा कारकून. 'खिडकीवर बसून गळा काढतो व प्रवाशांच्याच वस्तू उकळतो, तरी नोकरीवरून का काढू नये,' असे आपण विचारले आहे. गळा मी कधीही काढलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. जे काही निघाले ते डोळ्यांतून, आणि तेही खाजेमुळे.

१. मध्यंतरी एका बसच्या मागच्या बाकाखाली मांजरी सापडली. वाहकाने ती रीतसर माझ्याकडे जमा केली. जिवंत वस्तू कपाटात ठेवावी की कसे, याबाबत नियम गप्प आहेत. 'राहू दे बिचारीला खिडकीपाशी,' असा तोंडी आदेश आपणच दिलात. कर्मचारी तिला बाईसाहेब म्हणू लागले आणि बाईसाहेबांनी कार्यालयीन वेळेत माझी मांडी पसंत केली. तेव्हापासून डोळ्यांना अशी खाज सुटली की काही विचारू नका! मी चोळत गेलो, डोळे सुजत गेले. डोळे आले असावेत म्हणून सहकाऱ्यांनी माझ्यासोबत डबा खाणे सोडले.

२. अशा अवस्थेत एक शिक्षिका छत्री न्यायला आल्या. खूण पटली, मी छत्री पुढे केली आणि नेमकी डोळ्यांना धार लागली. बाई कळवळल्या. 'अहो, एवढा जीव जडलाय तर ठेवा तुम्हीच,' म्हणाल्या. मी छत्री घेऊन मागे धावलो. लालबुंद डोळ्यांचा इसम अंगावर येताना पाहून त्या दिसेल त्या बसमध्ये चढल्या.

पुढे हे वाढतच गेले. मफलर गेला नाही, डबा गेला नाही. एका निवृत्त पोस्टमनकाकांनी तर आपली कवळी परत सरकवली. बोळक्या तोंडाने ते जे म्हणाले त्यातले 'ठेवा' एवढेच मला कळले. परत दिलेली वस्तू हरवलेली नसते, सबब तिची नव्याने नोंद होत नाही. म्हणून हा सारा ऐवज मी टेबलाखाली ठेवला आणि तो तपासनीससाहेबांना तिथेच सापडला. यात माझा काय दोष, सांगा!

३. शेवटी सौभाग्यवतीने मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. 'डोळे आलेले नाहीत, ही मांजराची ॲलर्जी आहे. चोळाल तेवढी खाज वाढेल. हात धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, हे थेंब घाला आणि मांजर आधी लांब करा,' असे त्यांनी खडसावले.

४. दुसऱ्याच दिवशी मांजरीच्या मालकीणबाई, शिवणकाम करणाऱ्या एक आजी, स्वतः हजर! डाव्या कानाची खाच त्यांनी अचूक सांगितली. मला आनंद आवरेना. त्या भरात मी बाईसाहेबांना उचलून शेवटचे छातीशी धरले. हीच माझी चूक. डोळे असे वाहू लागले की समोर आजी आहेत की खांब, ते दिसेना. 'अगं बाई, पुरुषमाणूस हमसून रडतोय! घरी तिच्या बहिणी आहेत मला. ही राहू दे तुम्हाला,' म्हणून आजी डोळ्यांना पदर लावून निघूनही गेल्या. घी देखा, लेकिन बडगा देखा नहीं, अशी माझी गत झाली.

५. तूर्त बाईसाहेब शेजारच्या पास-खिडकीवर आहेत. थेंबांनी गुण आला, डोळे कोरडे आहेत. शिक्षिका येऊन छत्री घेऊन गेल्या, मात्र 'पूर्वीचे राहिला नाहीत तुम्ही,' असे ऐकवून गेल्या.

तरी विनंती की, नोटीस मागे घ्यावी, कारण माझे घर याच नोकरीवर चालते. दुसरे असे की, दुपारी आपण मागच्या दाराने दुधाची वाटी घेऊन येता, हे सगळ्या आगाराला ठाऊक आहे. आता आपण पुढच्या दाराने, रीतसर खिडकीवर यावे, कानाची खूण सांगावी आणि तिला घरी न्यावे. सुपूर्द करताना माझ्या डोळ्यांत पाणी दिसल्यास ते खाजेचे समजावे. मी थेंब घातलेले असले, तरीही खाजेचेच समजावे. आणि साहेब, हात जोडतो, काही झाले तरी 'ठेवा तुम्हीच' असे म्हणू नये.

आपला नम्र व यापुढे डोळे न चोळणारा,
(सही)
कारकून, हरवले-सापडले खिडकी
दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत : १) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. २) मांजरीचे केस, बंद पाकिटात (कृपया नाकाडोळ्यांजवळ उघडू नये). ३) कवळी, स्वच्छ धुतलेली.