खालच्या वाळूतली मेणबत्ती

११ मार्च
ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. मेन्का म्हणते, "बाबा, आईचा ताप उतरू दे आधी." ताप कुठे आहे? मी स्वतः रिस्तानाच्या कपाळाला हात लावून पाहिला!
ओह्रिदच्या इस्पितळात तिला आणल्यापासून दाढी केलेली नाही. वस्तरा प्रिलेपला घरीच राहिला.

१२ मार्च
रिस्ताना म्हणाली, "कड्याखालच्या गुहेतल्या देवळात जा. माझ्या नावाची मेणबत्ती लाव."
मी म्हटलं, वाट अगदी कड्यावरून जाते. पाय घसरला तर?
"घसरला तर सरोवरात पडशील, म्हाताऱ्या. निदान आंघोळ तरी होईल!"
मेन्का हसली. मग कितीतरी वेळ खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

१३ मार्च
जाऊन आलो.
बसने गावात सोडलं. पुढे पायी. वसंत म्हणे! डोंगरावर बर्फ, आणि सरोवरावरून येणारा वारा कानात सुया टोचल्यासारखा. चुनखडीचा दगड दवाने ओला, साबणासारखा गुळगुळीत. झुडपं धरत धरत गेलो. खाली पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे दिसत होते — म्हणून तर जास्त भीती! एका ठिकाणी बसून, घसरत उतरलो. विजार फाटली. कड्याच्या फटींत पिवळी फुलं होती. रिस्तानासाठी तोडावीत असं वाटलं, पण हात सोडायची हिंमत झाली नाही.
गुहेत देवळाची राखण करणारी बाई होती, ल्युपका. "कुणासाठी, आजोबा?"
"बायकोसाठी."
माझा हात थरथरतोय हे बघून तिने मेणबत्ती घेतली, पेटवली, आणि सरळ खालच्या वाळूत खोचली. खाली! वरची वाळू जिवंतांची, खालची मेलेल्यांची! "देव तिला क्षमा करो," म्हणाली.
मी ओरडलोच. "अगं बाई, जिवंत आहे ती!"
"मग दाढी कशाला वाढवलीत, देवाच्या माणसा?"
"वस्तरा विसरला!"
तिने कपाळावर हात मारून घेतला. तिची तरी काय चूक? आमच्यात माणूस गेलं की चाळीस दिवस दाढी करत नाहीत. मेणबत्ती उपटून तिने वर, जिवंतांच्यात लावायला घेतली, तर ती मध्येच विझली. "वारा हो! तुम्हीच दार उघडं टाकलंत." पुन्हा पेटवली. पण विझली ती विझलीच ना?
परतीच्या वाटेवर कड्याची भीतीसुद्धा वाटली नाही. डोक्यात तेवढंच.

१४ मार्च
राहवलं नाही. इस्पितळाच्या जिन्यात मेन्काला सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या दाढीने तुझ्या आईला मारलं.
ती आधी रागावली. "मेणबत्तीने कुणी मरतं का, बाबा!" मग पायरीवर बसली. "ऑपरेशन होणारच नाहीये. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आता उपयोग नाही. आई म्हणाली, त्याला नका सांगू, तो घाबरून आधीच मरेल."
म्हणजे सगळ्यांना ठाऊक. मी सोडून.

१५ मार्च
रिस्तानाने विचारलं, "काय बोलत होतात जिन्यात?"
म्हटलं, "काही नाही. ताप उतरला की ऑपरेशन, आणि मग घर."
तिने माझ्या दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मग मिरचीचं बी घेऊन ठेव. पेरायला उशीर होतोय."
बाजारात जाऊन घेऊन आलो. लाल, लांब जातीचं — तिला आवडतं ते.