मागच्या सीटवरचं सरकीचं पोतं

बाबा,

काल घाट चढताना पोरगं परत हसलं मला. मागच्या सीटवर सरकीचं पोतं दिसलं की त्याला राहवत नाही. "आई, आताच्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. मागं वजन ठेवून काय होणार आहे? निदान डिकीत तरी टाक." मी म्हटलं, सवय आहे रे. त्याच्यापुरता विषय संपला, माझ्यापुरता संपत नाही. कालपासून जिवाला चैन नाही. चहा ठेवते नि विसरते, एका जागी बसवत नाही, म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं. वयानं मी आता तुमच्यापेक्षाही मोठी झालेय, तरी तुमच्यावर चिडणं काही सुटलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हा. अकोल्याकडच्या हौशी मोटारवाल्यांनी बुलढाण्याच्या घाटात चढाईची शर्यत ठेवलीय, असं जानेफळच्या बाजारात तुमच्या कानावर आलं, आणि झालं! गाव सोडून जाणाऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली ती छोटी विलायती मोटार, आई जिला डबडी म्हणायची, ती दुसऱ्याच दिवशी तुम्ही गोठ्यासमोर उघडीनागडी केलीत. तुमचा सगळा जन्म शंकरपटात बैल पळवण्यात गेलेला. पटाचा छकडा कसा, एका हातानं उचलावा असा हलका. मग मोटारही तशीच पाहिजे. स्टेपनी काढली, बंपर काढले, दारांचे आतले पुठ्ठे उपसले, मागची सीट ओढून सरळ स्वयंपाकघरात आणून टाकली. निघालेली एकेक वस्तू कापसाच्या काट्याला लटकवायची आणि खूश व्हायचं. आई त्याच सीटवर बसून भाकरी थापतेय, तोंडाचा पट्टा चालू आहे, "उद्या इंजिन बी काढा, मंग ढकलत न्या!" आणि तुम्हाला काही ऐकूच येत नाही. शेवटी तुम्ही स्वतःच काट्याच्या साखळीला लोंबकळलात. खाली उतरून माझ्याकडे बघितलंत.

"सगळ्यात जड सामान त मीच आहो वं. पटात छकडा हाकाले म्या कधी जाडा धुरकरी बसवला नाई. गाडी तूच हाकजो."

गाडी मला येत होती. शेताकडं जाणाऱ्या पांदणीत तुम्हीच शिकवलेली. पण या शर्यतीसाठी तुम्ही महिनाभर अंगाला ग्रीस फासून घेतलं होतं, झोपेत गिअर बदलत होतात, आणि ती अशी एका वाक्यात मला देऊन टाकलीत! आईनं उलथणं आपटलं. पोरीची जात, लग्नाला आलेली, चार गावांसमोर मोटार पळवणार? खूप भांडलात दोघं. मग तिनं अट घातली, "जिंकली त खुशाल चालवू दे. हारली त पुन्हा स्टेअरिंगले हात लावाचा नाई." तुम्ही हो म्हणालात. मला कोणी विचारलं नाही. मला ती शर्यत जिंकायचीच होती, बाबा. स्टेअरिंग गेलं असतं तर माझ्या हातात राहिलं काय असतं? ही चूल, आणि मग दुसऱ्या घरची चूल.

शर्यतीच्या दिवशी डबडी सुटली ती अशी सुटली की लोकांनी फेटे उडवले. आणि पहिल्याच उभ्या वळणावर मागची चाकं मुरूम उडवत जागच्या जागी फिरायला लागली. इंजिन बोंबलतंय, मी दात-ओठ खातेय, गाडी इंचभर पुढं जाईना. उलट मागं घसरायला लागली. लोक हसायला लागले. तुम्ही खालून धावत आलात, चाकाजवळ उकिडवे बसलात आणि चाकाखालचा सुटा मुरूम मुठीत घेतलात. मग म्हणालात, "पटात बैल ओढते, छकडा मांगून येते. इथं मांगचं चाकच बैल होतं, अन् म्या त्याच्या पायातला जोरच काढून घेतला. मी बसाले पायजे होतो मांगं." मला काही ऐकायचं नव्हतं. घरी येईपर्यंत मी रडत होते. आईची अट अट होती.

चार-आठ दिवसांनी पहाटे तुम्ही मला उठवलंत, चावी हातात दिलीत, आणि स्वतः मागं उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसलात. मला वाटलं, आता आई दारात आडवी येणार. ती आलीच, पण हातात भाकरीचं फडकं. "वजनच पायजे न? मंग मी काय कमी आहो? सरका तिकडं." आणि बसली की तुमच्या शेजारी! घाटातल्या त्याच वळणावर चाक जरासं फिरलं, मी ओरडले, "मांगं सरका!" तुम्ही दोघं मागं सरकलात, चाकानं जमीन धरली, आणि डबडी सरसर वर. बघायला कुत्रंही नव्हतं. आई इतकी हसत होती की तिचा पदर वाऱ्यावर गेला. पुढं तिनं मला स्टेअरिंगवरून कधी उठवलं नाही.

वर पोचल्यावर मी खाली उतरले. म्हटलं, बाबा, आता तुम्ही चालवा. तुम्ही म्हणालात, "राहू दे. मांगं बरं वाटून राह्यलं." ते खरं होतं का हो? का पुन्हा स्वतःलाच सामान समजून बाजूला काढलंत? हेच मला सुखानं बसू देत नाही. विचारायला पाहिजे होतं. तेव्हा भाकरी खाण्यात नि वारा खाण्यात राहून गेलं, आणि नंतर तुम्हीच राहिला नाहीत.

हा कागद कुठे टाकायचा नाही, घडी करून इथंच राहील. पोराला सवय म्हटलं ते काही खरं नाही. आरशात मागची सीट रिकामी दिसली की माझ्यानं घाट चढवत नाही. आणि एकटी असले, वळणावर चाक जरा जरी घसरलं, तर अजून तोंडातून निघतं, "मांगं सरका." त्या पोत्याला म्हणते मी.